ओहोळापासून खाडीपर्यंत

पालघर स्टेशनात गाडी थांबली की पाहुण्यांची रांग पश्चिमेकडे लागते. तिकडे माहीम, केळवे, शिरगाव, सातपाटी ही गावे. समुद्र, जुने किल्ले आणि माडा-पोफळींच्या वाड्या. पूर्वेला मनोरच्या रस्त्याने जाणारा बहुधा कामाचा माणूस असतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला, कचेऱ्या नव्या आल्या, रस्ते रुंद झाले. पण जमिनीची ठेवण जुनीच राहिली. पूर्वेला डोंगर आणि रान, मध्ये भाताची खाचरे, पश्चिमेला वाड्या आणि शेवटी खाडी. डोंगरावर पडलेले पाणी या सगळ्यांना शिवत समुद्राला मिळते. गेल्या श्रावणात चार दिवस मी त्या पाण्याच्या वाटेने फिरलो.

फिरण्याला निमित्त होते. शेती खात्यात माझी तीस वर्षे होत आली. पाऊस लागला की या पट्ट्यातून जी गाऱ्हाणी येतात, त्यांत पीक तेवढे बदलते. "साहेब, औषध मारले तरी पानवेल बसते." "चिकूची फळे काळी पडून गळतात." "वांग्याची रोपे एका रात्रीत आडवी झाली." "माडाचा कोंब ओढला तर हातात आला." घरे चार, गाऱ्हाणी चार, पण चोर बहुतेक वेळा एकाच घराण्यातला निघतो. तो राहतो कुठे, वाडीत येतो कसा, आणि तो रानात असूनही रान का मरत नाही, हे पाहावे म्हणून मी निघालो. तुम्हीही चला बरोबर.

वाघोबाच्या खिंडीत

पालघरहून मनोरकडे जाताना वाघोबाची खिंड लागते. वर काळदुर्गाचा कातळ, खाली दाट झाडी, रस्त्याकडेला वाघोबाचे ठाणे. पावसाळ्यात इथे धबधबा पडतो आणि रविवारी पोरांची झुंबड उडते. मी गेलो तो दिवस आडवारचा होता. रस्ता सोडून एका ओहोळाच्या कडेने आत शिरलो. पायाखाली कुजलेल्या पानांचा जाड थर, त्यावर पाऊल टाकले की गादीवर टाकल्यासारखे वाटे. ओहोळाच्या दोन्ही काठांना रानअळू माजले होते.

एक वारली आजी तिथे पाने खुडत होत्या. त्या प्रत्येक पान उलटून पाहत आणि मगच खुडत. काही पानांवर पैशाएवढे तपकिरी डाग होते. डागात एकात एक अशी वर्तुळे, कडेला ओलसर काळपट पट्टी, आणि सकाळची वेळ असल्याने तिथे पांढरी बारीक लव. मी विचारले, "आजी, हे डाग दरवर्षी पडतात का?"

"पडतात ना. जास्त पाऊस झाला की जास्त पडतात."

"मग अळू मरत नाही?"

आजी हसल्या. "अळू कशाला मरेल, साहेब? हे पान गेलं तर दुसरं येतं. माझ्या लहानपणापासून इथंच हाय ते."

हा अळूचा करपा. त्याचा कर्ता फायटोफ्थोरा घराण्यातला. परसात अळू लावणाऱ्या आपल्या घरच्या बायकांना हे डाग ओळखीचे आहेत; गौरी-गणपतीत वड्यांना अखंड पान मिळेनासे होते ते त्याच्यामुळेच. आजींच्या उत्तरात मात्र एक मोठा प्रश्न दडलेला आहे. रोग आहे, पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि अळूही आहे. असे कसे?

बुरशी म्हणतात, पण बुरशी नव्हे

आधी या घराण्याची ओळख करून घेऊ. याला आपण सोयीसाठी पाणबुरशी म्हणू. तंतू बुरशीसारखे, कुजवणे बुरशीसारखे, म्हणून जुन्या पुस्तकांनी त्याला बुरशीत बसवले. पुढे शास्त्रज्ञांना कळले की त्याचे खरे नातेवाईक म्हणजे समुद्रातले तपकिरी शेवाळ. खऱ्या बुरशीच्या अंगावरचे कवच कायटिनचे असते, म्हणजे खेकड्याच्या पाठीत जो पदार्थ असतो त्याचे. पाणबुरशीचे कवच मुख्यतः सेल्युलोजच्या जातीचे, म्हणजे झाडासारखे.

आणखी एक मोठा फरक आहे. पाणबुरशीचे बीज पोहते. प्रत्येक बीजाला दोन शेपट्या असतात. असे शंभरएक बीज एकापुढे एक ठेवले तर कुठे एक मिलिमीटर लांबी भरेल. कोवळ्या मुळातून जो रस झिरपतो त्याचा माग काढत ते मुळाकडे जाते, चिकटते, शेपट्या टाकून देते आणि आत शिरते. स्वतःच्या बळावर त्याची मजल काही सेंटिमीटरांची. पण वाहत्या पाण्यात पडले की एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायला त्याला तिकीट लागत नाही. पाणी आटले तर घराण्यातील अनेक जाती जाड सालीचे बीज करून मातीत झोपतात आणि वर्षानुवर्षे तशाच राहतात.

घराणे मोठे आहे. रोपवाटिकेत रोपे कोलमडवणारा आणि आले-हळदीचे कंद कुजवणारा पिथियम याच घराण्यातला. बाजरीचा गोसावी आणि द्राक्षावरचा केवडा हे त्याचे चुलत भाऊ. नागपूरच्या संत्र्याला डिंक्या लावतो तो फायटोफ्थोराच. युरोपात १८४५ साली याच फायटोफ्थोराच्या एका जातीने बटाटा नासवला. आयर्लंडचे गरीब लोक बटाट्यावरच जगत. पुढच्या काही वर्षांत तिथे सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. जर्मन शास्त्रज्ञ डी बारी याने १८७६ साली या घराण्याला फायटोफ्थोरा हे नाव दिले. त्याचा अर्थच झाडांचा नाश करणारा असा आहे.

रानात रोग असतो, साथ नसते

ओहोळात ही मंडळी आहेत की नाहीत हे पाहण्याची रीत मोठी साधी आहे. मासे धरायला गळाला आमिष लावतात, तसे शास्त्रज्ञ जाळीच्या पिशवीत निरोगी पाने घालून ती वाहत्या पाण्यात काही दिवस बांधून ठेवतात. पोहणारे बीज पानावर बसते, डाग पडतो, आणि तो तुकडा प्रयोगशाळेत नेऊन वाढवला की जात ओळखू येते. या रीतीने जगभरच्या रानांतले ओहोळ तपासले, तेव्हा जिथे एकही झाड रोगट दिसत नाही अशा ठिकाणीही फायटोफ्थोराच्या अनेक जाती हाती लागल्या. सन २००० च्या सुमारास या घराण्याच्या साठेक जाती माहीत होत्या. आज ती संख्या दोनशेच्या वर गेली आहे. त्यांतल्या कितीतरी रानांनी आणि ओढ्यांनी दिल्या. पुष्कळ जाती गळलेल्या पानावर आणि मेलेल्या मुळीवर गुजराण करतात, कुणाच्या वाटेला जात नाहीत.

मग रान मरत का नाही? त्याची कारणे खिंडीत उभे राहून डोळ्यांनी दिसतात. एक, उतार आहे. पाणी मुळाशी तुंबत नाही. दोन, सागाशेजारी ऐन, ऐनाशेजारी कुडा, मध्ये बांबू. एका झाडाचा रोग शेजारच्याला सहसा मानवत नाही, त्यामुळे साखळी तुटते. तीन, तो पानांचा जाड थर. त्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात आणि पाणबुरशीचे बीज खाणारे, तिला जागा न देणारे त्यांत पुष्कळ असतात. शिवाय त्या थरामुळे पावसाचा थेंब मातीवर आपटत नाही, चिखल उडत नाही. चार, हजारो वर्षांचा शेजार. जे रानअळू अगदीच नाजूक होते ते केव्हाच गेले. राहिले ते सोसून राहणारे.

वारली माणूस वाघोबाला नैवेद्य ठेवतो, पण म्हणून रात्री गोठ्याचे दार उघडे टाकत नाही. वाघ रानात असणारच, हे त्याने मानलेले आहे. पाणबुरशीशी आपले नाते असेच असायला हवे. तिला जिल्ह्यातून हद्दपार करता येणार नाही. दार लावणे मात्र आपल्या हातात आहे.

हा शेजार मोडला म्हणजे काय होते, याचीही उदाहरणे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात जारा नावाच्या झाडाची विस्तीर्ण जंगले आहेत. ती जागोजाग वाळू लागली. १९६५ साली कळले की बाहेरून आलेली फायटोफ्थोराची एक जात मुळे खाते आहे, आणि ती पसरते आहे रस्त्याच्या कामाच्या मातीबरोबर आणि वाहनांच्या चाकांना लागलेल्या चिखलाबरोबर. आता तिथे रानात शिरताना बूट आणि चाके धुवावी लागतात. पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवर अळूचे कंद हे रोजचे अन्न आणि परदेशी जाणारे मुख्य पीक होते. १९९३ साली तिथे आपल्या ओहोळातला हाच करपा पहिल्यांदा पोचला आणि वर्ष-दोन वर्षांत अळूची शेती बसली. तिला पुन्हा उभे केले ते रोग सोसणाऱ्या जातींनी, आणि त्यासाठी बाहेरच्या बेटांतून व आशियातून आणलेल्या अळूंशी संकर करावा लागला. आजी ज्या रानअळूची पाने खुडत होत्या, त्याची किंमत यावरून ध्यानात यावी. ओहोळाकाठचे रान पेटवून, खणून साफ करण्यापूर्वी एवढे मनात आणावे.

राब आणि गादीवाफे

खिंड उतरून पालघरच्या बाजूला आले की भाताची खाचरे लागतात. लावणी आटोपली होती. बांधाच्या कोपऱ्यात राबाच्या काळ्या जागा अजून ओळखू येत होत्या. पालापाचोळा, गोवऱ्या, गवत पसरून त्यावर मातीचा हात फिरवून भाजायची ही आपल्याकडची जुनी चाल. तिने राखेचे खत मिळते, तणांचे बी भाजते, आणि वरच्या थरातले रोगाचे बीजही काही अंशी जळते. मात्र त्यासाठी रानाच्या फांद्या तुटतात, हे दुखणे आहे. १९७६ साली इस्राएलच्या काटान या शास्त्रज्ञाने दाखवले की ओल्या जमिनीवर भर उन्हाळ्यात पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरले, तर नुसत्या उन्हाने माती तापून तेच काम होते. भाजीच्या रोपांची जागा एप्रिल-मे महिन्यांत अशी तापवून घेणे आपल्याकडेही सहज जमते.

वांगी, मिरची, टोमॅटोची रोपे जमिनीलगत मऊ पडून आडवी होतात, ती बहुधा पिथियममुळे. तिथे औषधाआधी गादीवाफा. वीतभर तरी उंच वाफा, विरळ पेरणी, आणि पाणी झारीने पण बेताने. एका शेतकरी ताईंनी मला त्यांचे दोन वाफे दाखवले. बी एकाच पुडीतले, पेरणी एकाच दिवशीची. सपाट जागेवरच्या वाफ्यात मध्येच टक्कल पडलेले, उंच वाफ्यातली रोपे तरारलेली. "पाणी बसलं की रोप बसतं, एवढंच मला कळतं," त्या म्हणाल्या. त्याहून अधिक मलाही कळत नाही.

माहीम-केळव्याच्या वाड्या

पालघरच्या पश्चिमेला माहीम-केळव्याच्या वाड्यांत शिरले की उजेड एकदम हिरवा होतो. वर माड, त्याखाली पोफळी, खाली केळी, आणि मध्येमध्ये पानवेलीचे मळे. इथली खाण्याची पाने पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली. पण जी दमट सावली पानाला मऊपणा देते, तीच पाणबुरशीलाही मानवते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, श्रावणात पंचवीस-तीस अंशांची ऊब आणि वारा कोंडलेला. याहून चांगले घर तिला कुठे मिळणार?

एका वाडीत घरचे काका मला मळ्याच्या आग्नेय कोपऱ्यात घेऊन गेले. तिथल्या वेलींची पाने आधी तेज गेलेली, मग पिवळी, मग वेल उभीच सुकलेली. बुंध्याची माती उकरली तर खोड काळे आणि आतून चिकट. "काढून टाकावा म्हणतो मळा," ते म्हणाले. "दोन पावसाळे झाले, औषधाचे पैसेही निघत नाहीत. मुलगा म्हणतो, वाडी विका आणि गप्प बसा."

आम्ही दोघे मेलेल्या वेली मोजत चाललो. त्या वाटेल तशा विखुरलेल्या नव्हत्या. शेजारच्या वाडीचे पाणी जिथे बांध फोडून आत येत होते तिथपासून सरळ ओळ लागली होती, आणि जिथे जमीन किंचित उंच होती तिथल्या वेली हिरव्यागार उभ्या होत्या. रोगाने आपल्या येण्याची वाट स्वतःच आखून दाखवली होती. काका बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आधी चर खणायला हवा." मळा ठेवायचा की काढायचा ते त्यांचे घर ठरवील, पण चर खणल्यावाचून काही ठरवू नये, एवढे माझे सांगणे होते आणि ते त्यांना पटले.

पानवेलीच्या या रोगाचा अभ्यास आपल्या मराठी मुलखात फार पूर्वी झालेला आहे. जहांगीर फरदुनजी दस्तूर या पारशी शास्त्रज्ञाने १९१३ साली बिहारमधील पुसा येथे एरंडावर फायटोफ्थोराची एक नवी जात शोधली. पुढे ते मध्य प्रांतात नागपूरला होते आणि १९३५ साली त्यांनी तिकडच्या पानमळ्यांतील रोगांवर लिहिले. जाणकारांना तो लेख आजही उपयोगी पडतो. पोफळीच्या गळीची हकीकतही अशीच जुनी. कर्नाटकात तिला कोळेरोग म्हणतात. कानडीत कोळे म्हणजे कुजणे. म्हैसूर संस्थानात कोलमन या शास्त्रज्ञाने १९१० साली तिचे मूळ फायटोफ्थोरात असल्याचे सविस्तर मांडले. तिकडचे शेतकरी त्याच्या आधीपासून पोफळीच्या विरीच्या टोप्या शिवून पावसाळ्यात घडांवर बांधत. पाणी घडाला लागू द्यायचे नाही, एवढीच त्यांतली युक्ती. शास्त्र नंतर आले, शहाणपण आधी होते.

माडाचा रोग सर्वांत घातकी. मधला कोवळा कोंब फिका पडतो, मलूल होतो, आणि ओढला तर सहज हातात येतो. बुडाशी कुजून घाण वास सुटलेला असतो. माडाला कोंब एकच. तो गेला की झाड गेले. म्हणून कोंब फिका दिसताच कुजका भाग खरवडून काढून बोर्डो मलम भरावे आणि पाऊस आत जाणार नाही असे झाकावे. मेलेले झाड वाडीत उभे ठेवू नये.

बोईसर-तारापूरचा चिकू

केळवे रोडला गाडी धरून पालघर, उमरोळी करीत बोईसरला उतरलो. इथे हवाच निराळी. तारापूरची अणुवीज १९६९ साली सुरू झाली, औद्योगिक वसाहत वाढली, आणि पाळीचा भोंगा हे गावाचे घड्याळ झाले. तरीही रस्त्यापासून थोडे आत, तारापूर-चिंचणीच्या बाजूला आणि पुढे डहाणू-घोलवडपर्यंत, चिकूच्या बागा गर्द उभ्या आहेत. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. झाडे पन्नास-साठ वर्षांची, फांद्या एकमेकांत गुंतलेल्या, खाली दुपारीही संधिप्रकाश.

एका घरी बाप बागेत आणि मुलगा कारखान्यात, असा बेत होता. मुलगा सकाळची पाळी करून आला होता. तो म्हणाला, "साहेब, ही फळगळ धुराने होते." इथल्या धुराला आणि सांडपाण्याला मी निर्दोष म्हणणार नाही, त्यांचे प्रश्न खरे आहेत आणि ते त्या-त्या ठिकाणी मांडलेच पाहिजेत. पण प्रत्येक फळाची साक्ष वेगळी घ्यावी. आम्ही गळलेली फळे गोळा केली. काहींना बी पोखरणाऱ्या अळीचे भोक होते. काही मात्र तपकिरी, ओली, आणि त्यांवर कापसासारखी पांढरी लव. ही पावसातली कूज फायटोफ्थोराची. ती सर्वांत जास्त कुठे होती? झाडाच्या आतल्या बाजूला, जिथे वारा पोचत नाही, आणि खालच्या फांद्यांवर, जिथे चिखल उडतो.

बापाने औषधाच्या रिकाम्या बाटल्या दाखवल्या. त्यांत कार्बेन्डाझिम जास्त. हे औषध खऱ्या बुरशीसाठी चांगले आहे. पाणबुरशीवर ते लागू पडत नाही. मघाशी घराणे वेगळे असल्याचे सांगितले ते यासाठीच. कुलूप दुसरे असेल तर किल्ली कितीही महाग घ्या, दार उघडत नाही. असे पैसे वाया गेले की माणूस औषधावर चिडतो, मग शेतीवर चिडतो, आणि शेवटी जमिनीवर गाळे बांधायच्या गोष्टी निघतात. रोग नीट ओळखणे हे म्हणूनच नुसते पुस्तकी काम नाही. त्यावर घराचा हिशेब अवलंबून असतो.

खाडीतले भाऊबंद

शेवटच्या दिवशी तारापूर-चिंचणीच्या खाडीवर गेलो. ओहोटी लागली होती. तिवरांच्या मुळांत चिखल चमकत होता, खेकडे आणि निवट्या पळत होत्या. पाण्याची वाट इथे संपते. पाणबुरशीची मात्र इथेही संपत नाही. जगातल्या अनेक खारफुटींत फायटोफ्थोराचे खाऱ्या पाण्यातले भाऊबंद सापडले आहेत. १९९० साली त्यांना हॅलोफायटोफ्थोरा असे वेगळे नाव मिळाले. खारफुटीचे पान गळून पाण्यात पडले की एक-दोन दिवसांत ते त्यावर बसतात आणि त्याला मऊ करू लागतात. मग इतर सूक्ष्म जीव येतात, आणि त्या कुजक्या पानांवर कोळंबीची पिल्ले, खेकडे, मासळी पोसली जाते. सातपाटीच्या कोळ्याच्या जाळ्यात जे येते, त्यात या न दिसणाऱ्या मंडळींचाही हात असतो. वाडीत ज्याला आपण चोर म्हणतो, त्याचाच भाऊ खाडीत सफाईचे काम करतो.

दार लावायचे ते असे

चार दिवसांच्या वाटेने जे शिकवले ते घरी करण्यासारखे आहे.

पहिले काम पाण्याचे. वाडीच्या वरच्या बाजूने चर खणून बाहेरचे पाणी वळवा. आतले पाणी तासाभरात निघून जाईल असा उतार ठेवा. शेजाऱ्याशी बोलून दोघांचा एक चर काढला तर उत्तम. रोगाला बांध कळत नाही.

दुसरे चिखलाचे. रोगट कोपऱ्यातले काम दिवसाच्या शेवटी करा. कोयता, फावडे, पाय धुऊन मगच बाहेर या. रोप किंवा वेलीचे बेणे आणायचे ते निरोगी मळ्यातूनच.

तिसरे, उजेड आणि वारा. चिकूच्या दाट, वाळक्या फांद्या विरळ करा. गळलेली फळे झाडाखाली कुजू देऊ नका. गोळा करून पुरा.

चौथे, रानातला पानांचा थर वाडीत आणा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड भागात अॅशबर्नर नावाच्या शेतकऱ्याने शेजारच्या रानाकडे पाहून आपल्या अॅव्होकॅडोच्या बागेत पालापाचोळा, हिरवळीची पिके आणि कोंबडखत घालून माती भरभरीत केली. सगळीकडच्या बागा मूळकुजीने मरत असताना त्याची बाग टिकली, आणि १९७४ साली शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला तेव्हा रोगाचा बीजांश मातीत असूनही तो दबून राहिलेला आढळला. आपल्याकडे शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून देतात, त्यामागे हाच विचार आहे. आच्छादन मात्र बुंध्याला चिकटवू नये. वीतभर जागा मोकळी ठेवावी.

औषध पाचवे, आणि ते पावसाआधी. एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण जुने पण भरवशाचे आहे. १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्दे याने ते द्राक्षाच्या केवड्यासाठी पुढे आणले. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना पन्नास लिटर पाण्यात, वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत विरघळवा, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओता. लोखंडी पाते बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुन्याची निवळी घाला. केले त्याच दिवशी वापरा. पोफळीला आणि चिकूला पहिली फवारणी पाऊस लागण्याच्या आधी हवी. पानवेलीचे पान माणसाच्या तोंडात जाते, म्हणून तिथे फवारणीचा विचार विचारल्यावाचून करू नका. मेटॅलॅक्झिलसारखी औषधे पाणबुरशीवर खरोखर लागू पडतात, पण तीच ती वारंवार मारू नयेत. हे औषध १९७७ च्या सुमारास बाजारात आले आणि १९८० सालीच युरोपात बटाट्याच्या रोगाने त्याला दाद देणे सोडले.

शंका असेल तर रोगट आणि निरोगी यांच्या सीमेवरचा भाग, ओला न करता कागदात गुंडाळून, पालघरच्या कृषी संशोधन केंद्रात किंवा कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. पूर्ण सडलेले फळ नेऊन उपयोग नसतो. त्यावर नंतर आलेली दुसरीच बुरशी बसलेली असते.

आणि हे सर्व करण्याआधी एक बिनखर्चाची गोष्ट. पुढच्या पावसात, चांगली सर कोसळत असताना, डोक्यावर इरले घ्या, खांद्यावर फावडे टाका आणि घरातल्या तरण्या मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन वाडीला एक फेरी मारा. पाणी कुठून शिरते, कुठे थांबते, कुठे जाते, ते दोघांनी मिळून पाहा. रोगाची वाट तीच असते, आणि ती बंद करायचे फावडे तुमच्या खांद्यावरच असते.